योक मध्यावर पारखावा

हवा शांत आहे, विमान धावपट्टीच्या रेषेत आलंय, फ्लॅप पूर्ण खाली, वेग 65 नॉट्स. सेसना 172 जमिनीला टेकण्याआधीच्या या शेवटच्या मिनिटात वैमानिकाच्या हातांकडे बघितलं तर ते फारसं काही करतायत असं वाटतच नाही. योक, म्हणजे विमान चालवायचं चाक, किंचित पुढे, किंचित मागे, जरासं डावीकडे, एवढंच. पण विमान उतरवण्याचं सगळं कसब त्या किंचितमध्येच असतं. घरच्या सिम्युलेटरसाठी योक घ्यायला निघालेली माणसं मात्र भलतेच प्रश्न आधी विचारतात: किती अंश फिरतो, बटणं किती, दिसायला खऱ्यासारखा आहे का. या गोष्टींना महत्त्व आहे, पण ते नंतरचं. योकची खरी परीक्षा त्याच्या मध्याच्या आजूबाजूच्या सेंटिमीटरभर जागेत होते, आणि पैसे मोजायचे ते त्या जागेसाठी.

त्याच्याही आधी ठरवायला हवं की आपण उडवणार कुठलं विमान. ज्याला इंडिगोचं एअरबस 320 मुंबईहून नागपूरला न्यायचंय, त्याने योक घेऊच नये. हे विमान 1988 मध्ये प्रवासी सेवेत आलं तेव्हापासून त्याला योक नाहीच. कॅप्टनच्या डाव्या हाताशी एक छोटी साइडस्टिक असते. थ्रस्टमास्टरची एअरबस साइडस्टिक त्यासाठी मिळते आणि ती बहुतेक योकपेक्षा स्वस्त आणि सुटसुटीत आहे. याच इंडिगोचं एटीआर 72 किंवा आकासाचं बोइंग 737 मॅक्स उडवायचं असेल तर योक हवा. एअर इंडियाच्या ताफ्यात दोन्ही प्रकार आहेत: बोइंग 787 ला योक, एअरबस 350 ला साइडस्टिक.

लहान विमानांतही हाच भेद आहे आणि वैमानिक व्हायला निघालेल्या मुलांनी तो आधी तपासावा. गोंदियाच्या प्रशिक्षण संस्थेत डायमंड डीए 40 वर शिकवतात. त्यात दोन पायांमध्ये स्टिक असते. बारामतीच्या धावपट्टीवर सेसनाही दिसते आणि टेकनाम पी 2008 ही. पहिलीला योक, दुसरीला स्टिक. जेआरडी टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला आणलेल्या पस मॉथ विमानातही स्टिकच होती, त्यामुळे ते उड्डाण घरी पुन्हा करून बघण्याची हौस असलेल्यांना ते साध्या जॉयस्टिकवर जास्त खरं वाटेल. योक सेसना, पायपर, बीचक्राफ्ट, एटीआर आणि बोइंग यांच्यासाठी.

विमानात चाक आलं ते सोयीपेक्षा गरजेपोटी. विमानं मोठी आणि वेगवान होत गेली तसा पंखांच्या टोकाकडचे एलेरॉन वळवायला जोर जास्त लागू लागला. चाकाला दोन्ही हात लावता येतात आणि ते बरंच फिरवता येतं, म्हणून तोच जोर हाताला हलका वाटतो. बोइंगमध्ये हे चाक कॉकपिटच्या फरशीतून वर आलेल्या खांबावर बसवलेलं असतं आणि खांब पुढे-मागे झुलतो. सेसनाने ते समोरच्या पॅनेलमधून आलेल्या दांड्यावर बसवलं, त्यामुळे पायाशी जागा मोकळी राहिली. घरी मिळणारे बहुतेक योक या सेसनाच्या पद्धतीचे असतात: टेबलावर पेटी, पेटीतून बाहेर आलेला दांडा, दांड्याच्या टोकाला शिंगांसारखी मूठ.

आता मध्याचा हिशेब. सेसना 172 चा एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा शेपटीवरचा आडवा भाग, वर 28 अंश आणि खाली 23 अंश जातो, म्हणजे एकूण 51 अंश. समजा घरच्या योकचा दांडा पुढून मागे 10 सेंटिमीटर सरकतो. सरळ प्रमाण धरलं तर हातातला एक मिलिमीटर म्हणजे एलेव्हेटरचा अर्धा अंश. उतरताना सगळ्या दुरुस्त्या एक-दोन अंशांतच करायच्या असतात. मध्यावर तीन मिलिमीटरची मोकळी, निरुपयोगी जागा असेल तर दीड अंश तिथेच हरवला. विमान खाली घसरायला लागतं, तुम्ही थोडं ओढता, काहीच होत नाही. आणखी ओढता आणि नाक नको तितकं वर येतं. मग ते खाली दाबायचं, पुन्हा तेच. धावपट्टीवर विमान टप्पे खात उतरतं आणि माणूस स्वतःच्या हातांना दोष देत बसतो.

मोकळ्या जागेपेक्षाही वाईट असतं ते अडकणं. थांबलेली वस्तू हलवायला जेवढा जोर लागतो, त्याहून कमी जोर ती हलती ठेवायला लागतो. शाळेत घर्षणाच्या धड्यात हे आपण सगळेच शिकलोय. पावसाळ्यात फुगलेला लाकडी खण जसा ओढून येत नाही आणि जोर लावला की एकदम बाहेर येतो, तसा वाईट योकचा दांडा वागतो. दोन मिलिमीटरची हालचाल त्याला करताच येत नाही. तो एकतर जागचा हलत नाही, नाहीतर सहा मिलिमीटर उडी मारतो. सॉफ्टवेअरमध्ये संवेदनशीलतेची वक्ररेषा बदलून मोकळ्या जागेवर थोडीफार मलमपट्टी होते, अडकण्यावर मात्र काहीच इलाज नाही. वक्ररेषेने मध्य मऊ केला की कडा तितक्याच तीव्र होतात, हेही लक्षात ठेवायचं. दोष यंत्रात असेल तर तो यंत्रातच राहतो.

हे अडकणं येतं कुठून? खरा वैमानिक योक बहुधा एकट्या डाव्या हाताने धरतो, कारण उजवा हात थ्रॉटलवर असतो. म्हणजे दांडा सरळ मधून ओढला जात नाही, डाव्या शिंगाला धरून तिरका ओढला जातो. त्या तिरक्या ओढीमुळे दांडा ज्या छिद्रातून सरकतो त्याच्या एका कडेवर दाबला जातो. तिथे नुसतं प्लास्टिकचं बूश असेल तर तो तिथेच चिकटतो. छऱ्यांचं बेअरिंग असेल तर सरकून जातो. दुकानात योक हाताळायला मिळाला की लोक दोन्ही हातांनी धरून आवेशाने मागे ओढतात. त्यात कुठलाही योक चांगलाच वाटतो. डाव्या हाताच्या बोटांनी, फक्त डाव्या शिंगाला धरून, अगदी सावकाश ओढून बघा. मग ओढता ओढता थोडा फिरवा, वळण घेताना करतो तसं. पुढे-मागे करण्याची स्प्रिंग आणि फिरवण्याची स्प्रिंग वेगवेगळ्या असतात आणि स्वस्त रचनेत त्या दोन्ही मध्यावर येताना एक खाच जाणवते. ती खाच बोटांना कळली तर लँडिंगच्या वेळीही कळणारच.

घरी आणल्यावर याची आणखी नेमकी तपासणी करता येते. विंडोजमध्ये ‘जॉय डॉट सीपीएल’ ही आज्ञा दिली की जोडलेल्या कंट्रोलरची खिडकी उघडते. तिच्या गुणधर्मांत एक चौकोन आणि त्यात एक अधिकचं चिन्ह दिसतं. योक हळूच उजवीकडे फिरवून सोडून द्या आणि चिन्ह कुठे थांबतं ते पाहा. मग डावीकडून तसंच करा. दोन्ही वेळा ते एकाच जागी आलं पाहिजे. हात न लावता चिन्ह थरथरत असेल तर सेन्सरमध्ये गडबड आहे. पुढे-मागेही हेच करा. पाच मिनिटांचं काम आहे आणि कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त सांगून जातं.

सेन्सर दोन प्रकारचे. जुन्या आणि स्वस्त योकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असायचा तोच भाग. त्यात एक पातं कार्बनच्या पट्टीवर घासत फिरतं. काही वर्षांनी पट्टी झिजते, धूळ बसते आणि वाचन उड्या मारायला लागतं. सगळ्यात आधी झिजतो तो मध्यच, कारण आपण सगळ्यात जास्त तिथेच असतो. दुसरा प्रकार हॉल परिणामाचा. वीज वाहणाऱ्या वाहकाजवळ चुंबक आणला की वाहकाच्या आडव्या दिशेने अल्पसा विद्युत दाब निर्माण होतो, हे एडविन हॉल या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने 1879 मध्ये दाखवून दिलं. योकमध्ये चुंबक हलतो, सेन्सर लांबून त्याचा कोन वाचतो, काहीही काहीवर घासत नाही. म्हणून तो झिजत नाही. दोन योकांमध्ये निवडताना या एका मुद्द्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायला मी कुणालाही सांगेन.

सेन्सर किती बिटचा, याची मात्र फार काळजी नको. 10 सेंटिमीटरच्या प्रवासाचे 8 बिटमध्ये 256 भाग होतात, म्हणजे एक भाग 0.4 मिलिमीटरचा, हे खडबडीत आहे. 10 बिटमध्ये 1024 भाग, म्हणजे दशांश मिलिमीटर, हे पुरतं. त्यापुढचे आकडे खोक्यावर छान दिसतात, पण दांडा जर दोन मिलिमीटर अडकत असेल तर चार हजार भागांचा सेन्सर फक्त त्याचं अडकणं जास्त बारकाईने मोजेल.

फिरण्याच्या कोनाबद्दल: काही योक दोन्ही बाजूंना 45 अंश फिरतात, काही 90. जास्त फिरणारा बरा, कारण तेच वळण जास्त अंतरावर पसरतं आणि हाताला नेमकेपणा येतो. पण 90 अंशांचा अडकणारा योक आणि 45 अंशांचा लोण्यासारखा सरकणारा योक यांत मी दुसरा घेईन.

स्प्रिंगच्या योकची एक मर्यादा मात्र कितीही पैसे टाकले तरी जात नाही, आणि ती नीट समजून घेतली नाही तर सिम्युलेटरवर चुकीच्या सवयी लागतात. खऱ्या सेसनामध्ये योकला मध्यावर आणणारी शक्ती प्रामुख्याने हवेची असते. विमान उभं असताना एलेव्हेटर स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो आणि योक पुढे पडलेला असतो. वेग वाढतो तसा हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 60 नॉट्सचे 120 झाले की तोच एलेव्हेटर तेवढाच वळवायला साधारण चौपट जोर लागतो. वेग कमी झाला की योक हातात ढिला पडतो, आणि विमान स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल तुटण्याच्या, जवळ येतंय याची ती पहिली खूण असते. घरच्या स्प्रिंगला हे काहीच माहीत नसतं. 50 नॉट्स असोत की 150, तिचा जोर तोच.

ट्रिमचंही तसंच. खऱ्या विमानात योक ज्या जागी धरून ठेवावा लागतोय, तिथेच हवेचे बल समतोल होईपर्यंत ट्रिमचं चाक फिरवायचं. मग हात सोडला तरी योक त्या जागी राहतो. स्प्रिंगचा योक मात्र सोडला की मध्यावरच जाणार. म्हणून घरी ट्रिम करताना दाब धरून ठेवायचा, ट्रिम थोडं थोडं द्यायचं आणि त्याच गतीने हात सैल करत योक मध्यावर येऊ द्यायचा. सराव झाला की जमतं. ट्रिम डाव्या अंगठ्याखालच्या बटणावरच ठेवा, कीबोर्डवर नको. नव्या सेसनातला विजेवरचा ट्रिमही डाव्या शिंगावरच असतो.

ही मर्यादा मोडायची असेल तर फोर्स फीडबॅक, म्हणजे आत मोटारी असलेला योक. सिम्युलेटरमधल्या वेगाप्रमाणे मोटारी जोर वाढवतात, ट्रिमप्रमाणे मध्य सरकवतात. स्वित्झर्लंडची ब्रुनर कंपनी असे योक बरीच वर्षं बनवतेय आणि अलीकडे मोझाने एवाय 210 आणून ते सामान्य हौशी माणसाच्या थोडे जवळ आणलेत. तरीही किंमत साध्या योकच्या कितीतरी पट आहे. रोज तासभर उडवणाऱ्यालाच तो खर्च पचेल.

बाजारात काय मिळतं ते बघू. वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त दिसणारा योक म्हणजे लॉजिटेकचा, मूळचा साइटेकचा. लॉजिटेकने 2016 मध्ये तो व्यवसाय घेतला. सोबत तीन दांड्यांचा थ्रॉटल येतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. फिरतो दोन्हीकडे 45 अंश, आणि मध्याजवळ अडखळतो ही वापरणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. काही जण आतली स्प्रिंग बदलून, वंगण घालून तो सुधारून घेतात. पेचकस हातात धरायची आवड असेल तर सेकंडहँड लॉजिटेक हा वाईट सौदा नाही. 2019 च्या अखेरीस आलेल्या हनीकोम अल्फाने या किमतीतलं चित्र बदललं. 180 अंश फिरकी, हॉल सेन्सर, छऱ्यांचं बेअरिंग, आणि पेटीच्या दर्शनी भागावर बॅटरी, अल्टरनेटर, दिवे यांची खटक्यांची रांग. इंजिनाला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोची पाच टप्प्यांची किल्लीही आहे, त्यामुळे उड्डाणाआधी डावा आणि उजवा मॅग्नेटो एकेक करून तपासण्याचा विधी हाताने करता येतो. शिकणाऱ्या मुलांना या खटक्यांचा खरा उपयोग होतो, कारण चेकलिस्ट बोटांत बसते. थ्रॉटल मात्र वेगळा घ्यावा लागतो.

टर्टल बीचचा व्हेलॉसिटीवन हा 2021 चा. योक, थ्रॉटल आणि ट्रिमचं चाक एकत्र, आणि मुख्य म्हणजे एक्सबॉक्सवर चालतो. एक्सबॉक्सवाल्यांनी हे आधी बघायचं: पीसीवर चालणारा प्रत्येक योक त्यावर चालत नाही, परवाना घेतलेलाच चालतो. त्याच सुमारास आलेल्या थ्रस्टमास्टरच्या बोइंग योकमध्ये दांडा सरकतच नाही. मूठ आतल्या झुलत्या दांडीवर बसवलेली आहे आणि ती कमानीत पुढे-मागे जाते, बोइंगच्या खांबासारखी. सरकणारा दांडाच नसल्यामुळे तो अडकण्याचा प्रश्नही उरत नाही. बोइंग 787 उडवणाऱ्यांनी हा आवर्जून बघावा. याच्याही वर स्पेनच्या व्हर्च्युअल फ्लायचा योको आहे, प्रशिक्षण संस्थांच्या दर्जाचा आणि किमतीचाही. परदेशातून मागवताना सीमाशुल्क आणि वाहतूक धरूनच किंमत बघा, आणि वॉरंटी भारतात लागू आहे का ते विक्रेत्याकडून लेखी घ्या.

योक कितीही चांगला असला तरी तो ज्या टेबलाला लावायचा ते टेबल कसं आहे, यावर निम्मं अवलंबून असतं. आपल्याकडच्या तयार कॉम्प्युटर टेबलांना खाली कीबोर्डचा सरकता ट्रे असतो. तो क्लॅम्पच्या आड येतो. काचेच्या टेबलाला क्लॅम्प लावूच नये. पातळ पार्टिकल बोर्डाची कड योक ओढला की वाकते, आणि मग तुमची दोन मिलिमीटरची दुरुस्ती टेबलच खाऊन टाकतं. जाड प्लायचं टेबल उत्तम. उंचीचं तर फार लोकांच्या लक्षातच येत नाही. साधारण 75 सेंटिमीटरच्या टेबलावर पेटी ठेवली की मूठ जमिनीपासून 90 सेंटिमीटरच्या आसपास येते, कोपर वर उचलले जातात आणि अर्ध्या तासात खांदे भरून येतात. कोपर अंगाशी आणि हात जवळपास आडवा राहील इतकी खुर्ची वर घ्या. मग पाय लोंबकळतात, त्यासाठी पायांनी चालवायच्या रडर पेडलखाली जाड फळी टाका.

पेडलचा खर्च योकबरोबरच धरायचा. अनेक जॉयस्टिकची मूठ पिळली की रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीवरचा उभा भाग, हलतो. बहुतेक योकना ती सोय नसते, व्हेलॉसिटीवनसारख्या एखाद्याला मुठीमागे रडरची बटणं असतात. सेसनासारखं एका प्रॉपेलरचं विमान पूर्ण शक्तीवर धावायला लागलं की डावीकडे ओढलं जातं आणि ते उजव्या पायाने आवरावं लागतं. आडव्या वाऱ्यात उतरताना पंख एका बाजूला झुकवून उलट रडर द्यावा लागतो. हे सगळं पायांचं काम आहे. सिम्युलेटर ‘स्वयंचलित रडर’चा पर्याय देतो, पण त्यावर शिकलेला माणूस अर्धंच उडवायला शिकतो. घरच्या सिम्युलेटरचे तास परवान्यासाठी धरले जात नाहीत. व्यावसायिक परवान्याला 200 तासांच्या उड्डाणाचा अनुभव लागतो. मग निदान सवयी तरी खऱ्या लागू देत.

म्हणून माझा कौल असा. योक आणि पेडल दोन्हींचे पैसे जमत नसतील तर सध्या पिळता येणारी चांगली जॉयस्टिक घ्या आणि थांबा. दोन्ही जमत असतील आणि पीसीवर सेसना उडवायची असेल तर अल्फा आणि साधी पेडल ही जोडी बरीच वर्षं पुरेल. योक आला की पहिल्याच संध्याकाळी डाव्या हाताने, सावकाश, मध्याच्या आजूबाजूला तपासा. अडकत असेल तर ‘वापरून मोकळा होईल’ या आश्वासनावर विसंबू नका, परत पाठवा. आणि परतीची मुदत संपेपर्यंत खोकं टाकून देऊ नका.